रिकाम्या खुर्च्यांची साक्ष : ओकलंड अ‍ॅथलेटिक्स आणि त्याचे प्रेक्षक

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा संघ ही कायद्याने एका मालकाची किंवा भागीदारांच्या गटाची खासगी मालमत्ता असते. पण त्या संघाला नाव शहराचे लागते, त्याचे सामने बहुधा करदात्यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या मैदानावर होतात, आणि त्याच्यावरची निष्ठा घरातल्या कुळाचारासारखी एका पिढीकडून दुसरीकडे जाते. खासगी मालकी आणि सार्वजनिक आपलेपणा यांच्यातला हा ताण संघ जिंकत असतो तोवर झाकलेला राहतो. संघ हरू लागला, आणि त्याच्या हरण्याला मालकाचेच निर्णय कारण आहेत अशी प्रेक्षकांची खात्री पटली, की तो उघड्यावर येतो. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात १९६८ ते २०२४ अशी ५७ वर्षे खेळलेला अ‍ॅथलेटिक्स हा संघ त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे, आणि त्या संघाचा परिचय त्याच्या प्रेक्षकांना वगळून करून देता येत नाही.

संघाचा जन्म १९०१ साली फिलाडेल्फियात झाला. कॉनी मॅक या एकाच माणसाने १९०१ ते १९५० अशी सलग ५० वर्षे त्याचे मॅनेजरपद सांभाळले. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मैदानावर डावपेच ठरवणारा मुख्य प्रशिक्षक, आणि खेळाडूंची खरेदी-विक्री करणारा जनरल मॅनेजर हा त्याच्यापेक्षा वेगळा अधिकारी. न्यूयॉर्क जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांनी आरंभीच्या काळात या नव्या संघाची पांढरा हत्ती म्हणून संभावना केली होती. पोसायला जड आणि उपयोगाला शून्य, असा जो अर्थ मराठीत या शब्दांना आहे तोच तिथेही होता. मॅक यांनी ती हेटाळणी अंगावर घेऊन हत्तीलाच संघाचे चिन्ह केले, आणि पुढे संघ १९५५ साली कॅन्सस सिटीला व १९६८ साली ओकलंडला गेला.

ओकलंडमध्ये संघाने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षे वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली. पुढे १९८९मध्ये चौथ्यांदा जिंकली. त्या मालिकेचा तिसरा सामना सुरू होण्याच्या बेतात असताना १७ ऑक्टोबरला ६.९ तीव्रतेचा भूकंप होऊन सॅन फ्रान्सिस्को खाडीचा सगळा परिसर हादरला होता. या दोन वैभवकाळांच्या मधे जे घडले त्यात पुढच्या साऱ्या वादाची किल्ली आहे. मालक चार्ली फिनली यांनी १९७६ साली व्हायडा ब्ल्यू यांना १५ लाख डॉलरला न्यूयॉर्क यँकीजकडे, तर रॉली फिंगर्स आणि जो रूडी यांना प्रत्येकी १० लाखांना बॉस्टनकडे विकण्याचा घाट घातला. बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांनी तो व्यवहार रद्द केला, तरी जिंकणारा संघ पुढच्या काही वर्षांत विस्कटलाच. १९७९ साली संघाने १०८ सामने गमावले, साऱ्या हंगामात ३,०६,७६३ प्रेक्षक आले, आणि एप्रिलमधल्या एका सामन्याची अधिकृत उपस्थिती ६५३ नोंदली गेली.

पुढच्याच वर्षी लिव्हाय स्ट्रॉस या जीन्सच्या कंपनीशी संबंधित हास कुटुंबाने संघ विकत घेतला. वॉल्टर हास यांनी खेळाडूंवर पैसा खर्च केला, ओकलंडच्या शाळा व वस्त्यांशी संघाचे नाते जोडले, आणि १९८८ ते १९९० अशी सलग तीन वर्षे संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला. १९९० साली प्रेक्षकसंख्या २९ लाखांवर गेली. शहर तेच, मैदान तेच, तिथवर जाणारी बार्ट ही लोकलगाडीही तीच. अकरा वर्षांत बदलले ते व्यवस्थापन. ओकलंडला बेसबॉल परवडत नाही, तिथे प्रेक्षकच नाहीत, हा जो युक्तिवाद पुढे तीस वर्षे वारंवार मांडला गेला त्याला या दोन आकड्यांइतके सरळ उत्तर दुसरे नाही.

मालकांच्या निर्णयांवरचा प्रेक्षकांचा राग समजण्यासाठी या खेळाची वेतनव्यवस्था जाणून घ्यावी लागते. मेजर लीग या सर्वोच्च श्रेणीत आलेला खेळाडू पहिली साधारण तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास खेळतो; नंतरची तीन वर्षे त्याचे वेतन लवादापुढे ठरू शकते आणि झपाट्याने वाढते; सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की तो मुक्त होतो व कोणत्याही संघाशी करार करू शकतो. ज्या मालकाला खर्च करायचा नसतो तो खेळाडू महाग होण्याच्या तोंडावर त्याची अदलाबदल करतो आणि बदल्यात इतर संघांचे नवखे, स्वस्त खेळाडू घेतो. या अदलाबदलीला ट्रेड म्हणतात. युरोपातील फुटबॉलप्रमाणे इथे तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत घसरण होत नाही. उलट नव्या खेळाडूंच्या निवडीत तळाच्या संघांना झुकते माप मिळते, आणि श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला काही वाटा गरीब संघांना देण्याची पद्धतही आहे. दुबळ्यांना सावरण्यासाठी केलेल्या या तरतुदी योग्यच आहेत, परंतु त्यांच्यामुळे हरणे हा मालकाच्या दृष्टीने तोट्याचाच धंदा राहत नाही.

ओकलंडच्या प्रेक्षकांना काटकसरीचे वावडे नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. बिली बीन यांच्या हाती १९९७मध्ये जनरल मॅनेजरपद आले, आणि इतर संघ ज्याकडे दुर्लक्ष करत ती आकडेवारी, विशेषतः फलंदाज किती वेळा बाद न होता बेसवर, म्हणजे धाव घेताना गाठायच्या टप्प्यावर, पोहोचतो याचे प्रमाण, पाहून त्यांनी कमी पैशांत उत्तम संघ उभे केले. २००२ साली या संघाने १०३ सामने जिंकले, त्यांत २० सलग. मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ या २००३च्या पुस्तकाने आणि २०११च्या त्याच नावाच्या चित्रपटाने ही पद्धत जगभर पोहोचवली. आवडता खेळाडू दर दोन-तीन वर्षांनी निघून जाणार, हे ओकलंडच्या चाहत्याने तेव्हा दुःखाने का होईना पण स्वीकारले, कारण त्या जाण्यामागे पुन्हा जिंकण्याचा हिशेब होता.

हा अलिखित करार मोडला तो मैदानाच्या प्रश्नावर. १९६६चे कोलिझियम हे वर्तुळाकार मैदान अमेरिकन फुटबॉलच्या रेडर्स या संघाबरोबर वाटून घेतलेले होते. मधल्या काळात शहर सोडून गेलेले रेडर्स १९९५मध्ये परतले तेव्हा त्यांच्यासाठी सार्वजनिक कर्ज काढून एक प्रचंड गॅलरी बांधली गेली आणि ओकलंडच्या टेकड्यांचे जे दृश्य प्रेक्षकांना समोर दिसे ते कायमचे झाकले गेले. इमारत खरोखरच मोडकळीला आली होती, हे मालकांचे म्हणणे खोटे नव्हते. २०१३ साली मैलापाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरून त्या दिवशी खेळणाऱ्या दोन्ही संघांना वरच्या मजल्यावर अंघोळीला जावे लागले होते. नव्या मैदानासाठी आधी फ्रीमाँटचा विचार झाला. आज मराठी कुटुंबांच्या ओळखीचे असलेले हे उपनगर तेव्हा बेसबॉलचे गाव व्हायच्या बेतात होते, पण २००९मध्ये तो बेत सोडून दिला गेला. मग सॅन होजे. तिथे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा प्रादेशिक हक्क आडवा आला. हा हक्क हास यांनी पूर्वी शेजारधर्म म्हणून, मोबदला न घेता, जायंट्सना सोडला होता. तो परत मिळवून देण्यास लीग तयार नव्हती, आणि बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९२२चा निकाल लागू असल्याने सॅन होजे शहराचा दावाही टिकला नाही.

गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे पुत्र जॉन फिशर यांच्याकडे २००५पासून संघाची मालकी आणि २०१६पासून पूर्ण सूत्रे होती. त्यांच्या काळात ओकलंड बंदरातील हॉवर्ड टर्मिनल या जागी मैदानासह घरे, कार्यालये व दुकाने असा सुमारे १२ अब्ज डॉलरचा प्रकल्प मांडला गेला. शहराची यंत्रणाही संथ चालली आणि दोष एकाच बाजूचा नव्हता. तरीही २०२१मध्ये लीगने संघाला दुसरी शहरे पाहण्याची मुभा दिली, आणि लास वेगासशी बोलणी सुरू असतानाच संघाची जी मोडतोड झाली तिला शहराची दिरंगाई कारणीभूत नव्हती. २०१८ आणि २०१९मध्ये प्रत्येकी ९७ सामने जिंकलेल्या, २०२०मध्ये आपल्या गटात पहिल्या आलेल्या या संघाचे मॅनेजर बॉब मेल्विन यांना २०२१च्या हंगामानंतर करार शिल्लक असताना सॅन दिएगोकडे जाऊ दिले गेले. २०२२च्या वसंतात ख्रिस बॅसिट, मॅट ओल्सन, मॅट चॅपमन आणि शॉन मनाया हे एकामागून एक गेले. पुढे फ्रँकी मोंटास आणि शॉन मर्फीही गेले. अटलांटाने ओल्सन यांना घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी आठ वर्षांचा १६.८ कोटी डॉलरचा करार दिला, आणि २०२३मध्ये त्यांनी ५४ होम रन मारले. इकडे याच काळात हंगामी तिकिटांचे दर वाढवले गेले. संघाने २०२२मध्ये १०२ आणि २०२३मध्ये ११२ सामने गमावले.

साहजिकच खुर्च्या ओस पडल्या. २०२२च्या संपूर्ण हंगामात आठ लाखांहूनही कमी लोक आले. आणि त्याच ओस खुर्च्यांची छायाचित्रे देशभर फिरून ओकलंडला संघ नको आहे याचा पुरावा ठरू लागली. प्रेक्षकांच्या संतापाचे मूळ इथे आहे. हरणे त्यांनी १९७९मध्ये पाहिले होते, खेळाडू जाणे तर दरवर्षीचेच होते. पण मालकाच्या निर्णयांना कंटाळून घरी बसलेल्या माणसाचे घरी बसणेच त्याच्याविरुद्ध साक्ष म्हणून वापरले जावे, हा अन्याय नवा होता. आले तर मालकाच्या खिशात पैसे जातात, न आले तर शहराची बदनामी होते, असा हा पेच होता.

त्यातून जो मार्ग निघाला तो उलटा बहिष्कार. एरवी ज्या दिवशी मैदान सर्वांत रिकामे असते असा मंगळवार, १३ जून २०२३, ठरवून निवडला गेला आणि चाहत्यांच्या संघटनांनी सर्वांनी यावे असे आवाहन केले. देणग्यांतून हिरवे टी-शर्ट छापले गेले. त्यांच्यावर विका एवढाच एक शब्द होता, आणि ते वाहनतळावर फुकट वाटले गेले. दुपारपासून तिथे शेगड्या पेटल्या, बार्टच्या पुलावरून लोकांची रीघ लागली, आणि २७,७५९ प्रेक्षक आत आले. ब्लीचर म्हणजे मैदानाच्या टोकाची स्वस्त, उघडी बाके. तिथल्या ढोलवाल्यांनी अनेक हंगामांप्रमाणे ताल धरला. पाचव्या डावाच्या आरंभी, आधी ठरल्याप्रमाणे, पहिला फलंदाज उभा राहिला तेव्हा सारे प्रेक्षागार नि:शब्द झाले. हजारो माणसे असताना चेंडू मिटमध्ये, म्हणजे झेलणाऱ्याच्या चामडी हातमोज्यात, पडल्याचा आवाज ऐकू यावा अशी ती शांतता होती. आणि ती संपली तेव्हा संघ विका, ही एकच घोषणा चहूबाजूंनी उठली. हंगामातल्या पहिल्या ६२ सामन्यांत केवळ १२ जिंकलेला हा संघ त्या रात्री तेव्हाच्या अव्वल टँपा बे रेजला २-१ असे हरवून सलग सातवा सामना जिंकला. त्या रात्रीचे तिकिटांचे उत्पन्न संघाने स्थानिक संस्थांना देऊन टाकले.

त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास वेगासच्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक निधीचे विधेयक संमत केले आणि १५ जूनला राज्यपालांची त्यावर स्वाक्षरी झाली. आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी ओकलंडची ती गर्दी लीगमधील सरासरी गर्दीच्या जवळपासची, तीही एका रात्रीपुरती, असल्याचे म्हटले. आकडा म्हणून ते चूक नव्हते. पण जिथे संघाची जाणीवपूर्वक मोडतोड झाली होती आणि मालकाने पाठ फिरवल्याचे जाहीर होते, तिथे सरासरीइतके लोक स्वखर्चाने यावेत याचा अर्थ त्या विधानात हरवला. नोव्हेंबर २०२३मध्ये ३० मालकांनी स्थलांतराला ३० विरुद्ध शून्य मतांनी मान्यता दिली. संघ हलवायचा तर तीन-चतुर्थांश मालकांची संमती लागते, प्रेक्षकांच्या संमतीची तरतूद नियमांत कुठेच नाही.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधला अखेरचा सामना झाला. ४६,८८९ प्रेक्षकांसमोर अ‍ॅथलेटिक्सने टेक्सास रेंजर्सना ३-२ असे हरवले. मॅनेजर मार्क कॉट्से यांनी हाती ध्वनिक्षेपक घेऊन लोकांचे आभार मानले आणि ओकलंडच्या नावाची आरोळी शेवटची एकदा देवविली. मैदान राखणाऱ्या कर्मचाऱ्यांनी कुंपणाशी आलेल्यांच्या पेल्यांत, पिशव्यांत मैदानाची तांबूस माती भरून दिली. याच शहरात वाढलेले आणि एका हंगामात १३० बेस चोरण्याचा विक्रम करणारे रिकी हेंडरसन यांनी त्या दिवशी सामन्यापूर्वीचा मानाचा चेंडू टाकला. तीन महिन्यांच्या आतच, डिसेंबरमध्ये, त्यांचे निधन झाले.

लास वेगासचे मैदान होईपर्यंत संघ वेस्ट सॅक्रामेंटोमधील सुमारे १४,००० प्रेक्षकांच्या एका लहान मैदानावर खेळतो. हे मैदान रिव्हर कॅट्स या खालच्या श्रेणीच्या संघाचे, आणि त्या संघाची मालकी सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाचे अध्यक्ष, मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, यांच्या समूहाकडे आहे. या मुक्कामात संघाने कोणत्याही शहराचे नाव लावलेले नाही. तो नुसता अ‍ॅथलेटिक्स आहे. ओकलंडच्या लोकांनी मात्र बेसबॉल सोडलेला नाही. २०२४पासून पश्चिम ओकलंडमधील रायमोंडी पार्क या सार्वजनिक मैदानावर ओकलंड बॉलर्स हा नवा, स्वतंत्र पायोनियर लीगमधला संघ खेळतो आणि त्याचे भाग सामान्य चाहत्यांनाही विकत घेता आले आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये बॉलर्सनी त्या लीगचे अजिंक्यपद मिळवले. १९८९नंतर ओकलंडच्या बेसबॉल संघाने जिंकलेले ते पहिले अजिंक्यपद होय.