हार्टबीटचा ठेका चुकतोय?

औषधांशिवाय, फक्त खाण्यापिण्यातून हृदयाचे ठोके ताळ्यावर आणता येतात का? एट्रियल फिब्रिलेशनच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर 'हो' आणि 'नाही' असं दोन्ही आहे. कुठे 'हो' आणि कुठे 'नाही', हे मात्र नीट माहीत हवं.

छातीत धडधडणं आपल्याला काही नवीन नाही. अप्रेझलचं लेटर उघडताना धडधडतं, ८.१२ची फास्ट पकडायला जिना चढताना धडधडतं आणि 'ती' समोरून येताना तर धडधडायलाच हवं! पण ही धडधड थोड्या वेळाने आपोआप शांत होते. शिवाय ठोके कितीही जलद असले तरी त्यांना एक ठेका असतो.

काही वेळा मात्र काहीच कारण नसताना, सोफ्यावर टीव्ही बघत बसलेलं असताना, छातीत फुलपाखरू फडफडल्यासारखं होतं. दोन ठोके पटापट, मग एक मोठी गॅप, मग चार ठोके एकदम. नाडीवर बोट ठेवावं तर हिशेबच लागत नाही. दम लागतो, गरगरतं, गळून गेल्यासारखं वाटतं. हे एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात 'एफिब', असू शकतं. बऱ्याच जणांना तर यातलं काहीच जाणवत नाही आणि रुटीन ईसीजीत ते अचानक सापडतं.

आत नेमकं काय होतं?

हृदयाला चार कप्पे. वर दोन, खाली दोन. वरच्या उजव्या कप्प्यात आपला नैसर्गिक पेसमेकर असतो. तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा इशारा देतो आणि सगळे कप्पे त्या तालावर चालतात. एफिबमध्ये वरच्या कप्प्यांत विजेचा नुसता गोंधळ माजतो. मिनिटाला ३५० ते ६०० संदेश! कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. मधलं 'गेट' यातले बरेच संदेश अडवतं, पण जे निसटतात ते वाटेल तेव्हा निसटतात. म्हणून नाडी बेताल.

खरा धोका पुढे आहे. कप्पा नीट आकुंचन पावला नाही की रक्त साचतं. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटासा खिसा असतो. त्यात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूकडे गेली की स्ट्रोक. एफिबमध्ये स्ट्रोकची शक्यता साधारण पाचपट वाढते. म्हणजे इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, ठोक्यांचा ताल. दोन, रक्ताची गुठळी. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, कारण 'नॅचरल' उपायांची सगळी गंमत आणि सगळा घोळ इथेच आहे.

वय वाढलं की एफिबची शक्यता वाढते, त्यामुळे तुमच्या घरात हा आजार आधी आईबाबांना किंवा आजीला गाठण्याची शक्यता जास्त. पण ब्लडप्रेशर, वजन, अतिमद्यपान, थायरॉइड या वाटांनी तो तिशी-चाळिशीतही येतो. आपल्याकडे आणखी एक वाट आहे. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेल्यामुळे हृदयाची झडप खराब झालेली असणं.

वजन घटवा, ठोके सुधारा

सर्वांत दमदार पुरावा आहे तो वजनाचा. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात प्रशांतन सॅंडर्स आणि राजीव पाठक या डॉक्टरांच्या टीमने वजन जास्त असलेल्या एफिबच्या ३५५ पेशंटना पाच वर्षांपर्यंत फॉलो केलं. २०१५ साली आलेले निष्कर्ष बघा. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यापैकी जवळपास ४५ टक्के लोक औषधं आणि अ‍ॅब्लेशनशिवाय एफिबमुक्त राहिले. ज्यांचं वजन ३ टक्क्यांपेक्षाही कमी उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. ८० किलोच्या माणसाने ८ किलो उतरवायचे, इतका हा हिशेब सोपा. आणि हो, क्रॅश डाएट करून उतरवलेलं वजन पुन्हा चढलं, पुन्हा उतरलं, असा लिफ्टसारखा खेळ केला तर फायदा बराच हातचा जातो, हेही याच अभ्यासात दिसलं.

फ्रायडे नाइटचा हिशेब

१९७८ साली अमेरिकेतल्या फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर नाव रूढ केलं, 'हॉलिडे हार्ट'. वीकेंडला किंवा सुटीत भरपूर दारू प्यायल्यानंतर हृदयाचे ठोके बिघडून हॉस्पिटलमध्ये आलेल्या लोकांवरून हे नाव पडलं. नाव गोड असलं तरी प्रकरण गोड नाही. २०२०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १४० पेशंटवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हे सगळे आठवड्याला १० किंवा त्याहून जास्त ड्रिंक्स घेणारे. अर्ध्यांना दारू सोडायला सांगितली, अर्धे नेहमीसारखे पीत राहिले. सहा महिन्यांत पिणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांना एफिब पुन्हा झालं, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना. म्हणजे गोळी न वाढवता, खर्च न करता (उलट वाचवून!) एवढा फरक.

कॉफीला उगाच बदनाम केलं

'धडधडतंय ना, मग कॉफी बंद कर,' हा घरोघरचा सल्ला. २०२५मध्ये एक चाचणी झाली. एफिब झालेल्या आणि शॉक देऊन ठोके पूर्ववत केलेल्या २०० जणांपैकी अर्ध्यांना रोज किमान एक कप कॉफी आणि अर्ध्यांना पूर्ण बंदी. सहा महिन्यांनी कॉफी पिणाऱ्यांत एफिब परतण्याचं प्रमाण ४७ टक्के आणि न पिणाऱ्यांत ६४ टक्के! तेव्हा ऑफिसच्या मशीनसमोर अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. मात्र कॉफीने तुम्हाला स्वतःला त्रास होत असेल, तर तुमचं शरीर सांगेल ते ऐका. आणि एनर्जी ड्रिंकचे डबे म्हणजे कॉफी नव्हे.

झोप, चाल आणि योग

रात्री जोरात घोरता? सकाळी उठल्यावर डोकं जड, मीटिंगमध्ये डुलकी? हे स्लीप अ‍ॅप्निया असू शकतं. यात झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडतो, ऑक्सिजन घसरतो आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो. एफिबच्या पेशंटमध्ये हे फार आढळतं, म्हणून तपासणी करून घ्यावी.

व्यायामाचंही तसंच. अ‍ॅडलेडच्याच १२० पेशंटवरच्या चाचणीत सहा महिने आखीव व्यायाम केलेल्यांपैकी ४० टक्के लोक वर्षअखेर एफिबपासून मुक्त होते, नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी २० टक्के. इथेही अति तिथे माती. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याच्या शर्यतींचा कस लावणाऱ्यांत एफिब वाढलेलं दिसतं. रोजची भरभर चाल, सायकल, पोहणं, एवढं पुरे.

आपला योगही मागे नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये डॉ. धनंजय लकीरेड्डी यांनी ४९ पेशंटना आठवड्यातून दोनदा, तासभर, तीन महिने योग करायला लावला. त्रासदायक झटके सरासरी ३.८वरून २.१वर आले. अभ्यास छोटा आहे, पण प्राणायाम आणि आसनांत गमावण्यासारखं काही नाही.

ताटात काय हवं?

'एफिब डाएट' नावाची काही जादूची थाळी नाही. पण ब्लडप्रेशर, साखर आणि वजन ताब्यात ठेवणारं जेवण तेच एफिबचंही जेवण. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी, ताक, फळ. आजीचा मेन्यू! दिवसभराचं मीठ सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. आता लोणचं, पापड, फरसाण आणि इन्स्टंट नूडल्सचा मसाला यांचा हिशेब स्वतः मांडा.

पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही दोन खनिजं हृदयाच्या विजेला सांभाळतात. जुलाब-उलट्या झाल्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्या की ती घटतात आणि ठोके बिघडू शकतात. केळं, शहाळं, डाळी, राजगिरा, तीळ, शेंगदाणे यांतून ती मिळतात. किडनीचा आजार किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील तर मात्र उलट पोटॅशियम साठून धोका होतो. अशांनी रोज शहाळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

रात्री अकराला बिर्याणी हाणून लगेच आडवं होणं, थंडगार पेय घटाघटा पिणं, यानेही काहींना झटका येतो. आपला ट्रिगर कोणता, हे वहीत लिहून ठेवलं की महिन्याभरात कळतं.

बाटलीतलं 'नॅचरल'

आता थोडं कडू. 'हार्टसाठी चांगलं' म्हणून दुकानातून घेतल्या जाणाऱ्या ओमेगा-३च्या कॅप्सूल. २०२१मध्ये सात चाचण्यांचा, ८१ हजारांहून अधिक लोकांचा एकत्र हिशेब केला तेव्हा या कॅप्सूलनी एफिबचा धोका कमी नव्हे, जास्त झालेला दिसला. दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त डोस घेणाऱ्यांत तर जवळपास ४९ टक्क्यांनी. बांगडा, तारली खुशाल खा. ताटातला मासा आणि मोठ्या डोसची कॅप्सूल यांत फरक आहे.

ज्येष्ठमध खोकल्याला बरं, पण रोज जास्त घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. अश्वगंधेने थायरॉइडचं संप्रेरक वाढल्याच्या नोंदी आहेत आणि वाढलेला थायरॉइड हे एफिबचं जुनं कारण आहे. वनस्पतीतून आलं म्हणजे सौम्य, असं समीकरण नसतं. एफिबची सर्वांत जुनी औषधं वनस्पतींचीच. १७८५ साली इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी डिजिटॅलिसच्या झाडावर पुस्तक लिहिलं. त्याच कुळातल्या झाडापासून आलेलं डिगॉक्सिन आजही वापरात आहे, आणि त्याचा डोस थोडा चुकला तरी विषबाधा होते. १९१२ साली एका डच व्यापाऱ्याने डॉ. वेंकेबाख यांना सांगितलं, की क्विनीन घेतलं की माझी नाडी ठीक होते, आणि दुसऱ्या दिवशी तसं दाखवूनही दिलं! सिंकोनाच्या सालीतलं ते औषध. त्यातून पुढे क्विनिडिन आलं, खूप वापरलं गेलं आणि त्याने काहींचे ठोके जीवघेणे बिघडतात हे कळल्यावर मागे पडलं.

ही गोळी मात्र सोडू नका

आता तो दुसरा प्रश्न, गुठळीचा. वजन, योग, भाकरी यांनी ताल सुधारतो. गुठळी रोखायची तर, ज्यांना धोका आहे त्यांना गुठळीविरोधी गोळीच लागते. वय, ब्लडप्रेशर, मधुमेह, हार्ट फेल्युअर, आधीचा स्ट्रोक, रक्तवाहिन्यांचा आजार यांचे गुण मोजून डॉक्टर ती ठरवतात. तिशीतल्या, दुसरा काहीही आजार नसलेल्या माणसाला बहुधा लागणार नाही. सत्तरीच्या, बीपी असलेल्या बाबांना बहुधा लागेलच. लसूण, हळद, आलं यांनी तिची जागा भरत नाही. अ‍ॅस्पिरिनदेखील तो पर्याय नाही.

घरोघरी नेमकी गडबड इथे होते. बाबांनी सहा महिने चालून वजन उतरवलं, धडधड थांबली, बरं वाटलं, की 'आता कशाला गोळी?' पण न जाणवणारं एफिब चालूच असू शकतं आणि गुठळीला धडधड लागत नाही. बरं वाटणं ही गोळी थांबवण्याची परवानगी नव्हे. ती डॉक्टरच देऊ शकतात.

गोळी वॉरफरिन असेल तर पालक, मेथी, शेपू, कोथिंबिरीतलं व्हिटॅमिन के तिच्या विरुद्ध काम करतं. म्हणून भाज्या बंद करायच्या नाहीत, दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही. नव्या गोळ्यांना हे पथ्य नाही. पण संधिवाताच्या तापाने मुख्य झडप आकसली असेल तर अजूनही वॉरफरिनच. २०२२च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ते नव्या गोळीपेक्षा सरस ठरलं.

एक गोष्ट लक्षात घ्या. २०२४च्या युरोपियन गाइडलाइन्समध्ये वजन, बीपी, साखर, दारू, झोप यांची काळजी ही पहिली पायरी आहे आणि स्ट्रोक टाळणं ही दुसरी. म्हणजे डाएट हे औषधाच्या विरोधी पक्षात बसत नाही. दोघं एकाच सरकारात आहेत!

आजपासून काय कराल?

• आईबाबांची नाडी महिन्यातून एकदा पूर्ण मिनिटभर मोजा. ठेका बेताल वाटला तर ईसीजी काढा. स्मार्टवॉचने सूचना दिली तरी खात्री ईसीजीनेच होते.

• बीपी, साखर आणि थायरॉइड तपासा.

• कुठलीही कॅप्सूल, काढा, चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. न विचारताही सांगा.

• धडधडीबरोबर छातीत दुखलं, शुद्ध हरपली, खूप दम लागला तर थेट हॉस्पिटल.

• चेहरा एका बाजूला वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळतंय? महाराष्ट्रात १०८ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'थोडं पडून राहा, बरं वाटेल' म्हणण्यात यातली मिनिटं घालवू नका.

आणि आज रात्री घरी गेल्यावर बाबांच्या गोळ्यांच्या डबीवर एक नजर टाका. मंगळवारचा कप्पा अजून भरलेलाच असेल, तर चहा पिता पिता विषय काढा.