डेटा गेला नाही, मग गेलं काय?

२६ फेब्रुवारी २०२१. पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या निगडीतल्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. २७ सर्व्हर अडकले, ते सोडवायचे तर बिटकॉइनमध्ये पैसे द्या अशी मागणी आली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निगडी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि तक्रारीत नुकसानीचा आकडा होता सुमारे ५ कोटी रुपये. त्यानंतर चौकाचौकांत कॅमेरे वाढले, खांबांवर नवे डबे बसले. त्या हल्ल्यामागच्या गोष्टींबद्दलचे समज मात्र फारसे हललेले नाहीत. याच शहरातल्या तळवड्याच्या नाक्यावर चहा पिताना आजही ऐकायला मिळतात.

गैरसमज : आपल्याकडे चोरायला आहे तरी काय?

तळवडे १९९७ मध्ये महापालिकेत आलं. गावठाण, रुपीनगर, ज्योतिबानगरचे गाळे आणि पलीकडे सॉफ्टवेअर पार्क. एवढ्याशा जागेवर परदेशात बसलेल्या चोराची नजर कशाला जाईल?

नजर जातच नाही, हीच तर गोम आहे. इंटरनेटवरचा एकेक पत्ता खडखडवून बघणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. दार उघडं सापडलं की आत शिरायचं, मालक कोण ते नंतर बघायचं. आत शिरलेलं रॅन्समवेअर फाइली पळवेलच असं नाही. ते त्यांना सांकेतिक कुलूप घालतं आणि किल्ली स्वतःकडे ठेवतं. माहिती तुमच्याच डिस्कवर असते, पण वाचता येत नाही. तिची किंमत चोराला शून्य असली तरी चालते, कारण तुम्हाला ती हवी असते.

शिवाय ‘आपण लहान’ हे पुणेकरांनी तरी म्हणू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये दोन फेऱ्यांत गेले. त्यासाठी वापरलेली बनावट कार्डं २८ देशांतल्या एटीएममध्ये चालली होती.

गैरसमज : डेटा गेला नाही ना, मग झालं!

सर्वांत पक्का बसलेला गैरसमज हाच. कुठेही हल्ला झाला की पहिलं निवेदन याच वाक्याचं असतं आणि ऐकणारेही सुटकेचा श्वास टाकतात. पण माहितीची सुरक्षा तीन गोष्टींत मोजतात : ती नको त्याच्या हाती पडू नये, तिच्यात कुणी फेरफार करू नये आणि लागेल तेव्हा ती मिळावी. आपण पहिलीवरच अडतो. शहर चालवायला उरलेल्या दोन जास्त लागतात.

पाणी घ्या. रावेत बंधाऱ्यातून पवनेचं पाणी निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्धीकरणाला जातं. तळवडे-चिखली पट्ट्यासाठी इंद्रायणीचं पाणी चिखलीत शुद्ध होतं. टाकी किती भरली, पंप कधी सुरू झाला, कुठे दाब पडला, हे पडद्यावर दाखवणाऱ्या आणि तिथूनच हुकूम सोडू देणाऱ्या व्यवस्थेला स्काडा म्हणतात. समजा, कुणी काहीही चोरलं नाही, फक्त रिकामी टाकी पडद्यावर भरलेली दाखवली. पंप सुरू होणार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये या शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. अशा गावात एक पाळी चुकणं म्हणजे काय, ते तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा.

ही कल्पनेतली भीती नव्हे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मरूची भागात २००० साली सांडपाण्याचे पंप मनाला येईल तसे वागू लागले. सुमारे ८ लाख लिटर मैला उद्यानांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात पसरला. करणारा परदेशी हॅकर नव्हता. ती यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराकडचाच तो माजी कर्मचारी. त्याला नगर परिषदेत नोकरी मिळाली नव्हती. लॅपटॉप आणि रेडिओ संच गाडीत घेऊन तो फिरत होता. ‘आमची यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नाही’ असं आपल्याकडे जे अभिमानाने सांगतात, त्यांच्यासाठी हे उदाहरण. तिथेही घुसखोरी इंटरनेटवरून नव्हे, बिनतारी संदेशांतूनच झाली.

म्हणून पडद्याइतकाच हातात लोखंडी चावी घेऊन फिरणारा वॉल्व्हमनही सुरक्षेचा भाग आहे. कोणता वॉल्व्ह कोणत्या गल्लीचा आणि किती आटे फिरवले की पाणी सुटतं, हे त्याला तोंडपाठ असतं. स्वयंचलित यंत्रणा आली म्हणून ही माणसं कमी करणं मला तरी आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. संगणक बंद पडला तर शहर हाताने चालवता आलं पाहिजे.

गैरसमज : बॅकअप आहे, काळजी नको

बॅकअप त्याच नेटवर्कवर, त्याच पासवर्डखाली असेल तर त्यालाही कुलूप लागतं. आणि परत उतरवून न पाहिलेला बॅकअप असून नसल्यासारखाच. अमेरिकेतल्या अटलांटा शहरावर मार्च २०१८ मध्ये असाच हल्ला झाला. मागणी होती सुमारे ५१,००० डॉलरची. शहराने ती दिली नाही, ते योग्यच, पण सगळं पूर्ववत करायला कित्येक दशलक्ष डॉलर लागले. न्यायालयाचं आणि बिलांचं काम कागदावर आलं. पोलीस गाड्यांतल्या कॅमेऱ्यांचं जुनं चित्रीकरण कायमचं गेलं.

गैरसमज : चिनी कॅमेरे काढून देशी लावले की प्रश्न मिटला

कॅमेरा कुठे बनला हे विचारायलाच हवं. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली, हे चांगलं झालं. पण २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याकडे होती फक्त कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी. घेणाऱ्यांनी ते बदललेच नव्हते. त्या उपकरणांच्या फौजेनेच २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास ठप्प केल्या.

जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या गाळ्यात जाऊन बघा. देवाच्या फोटोखाली सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, त्यावर कूलंटच्या तेलाचा थर आणि झाकणावर बसवणाऱ्यानेच मार्करने लिहिलेला पासवर्ड. मालकाला मोबाइलवर शॉप दिसलं पाहिजे म्हणून तो इंटरनेटला जोडलेला. हा रेकॉर्डर देशी आहे की परदेशी, याने काय फरक पडतो?

गैरसमज : आयटी पार्क दारात आहे, आपल्याला कोण शिकवणार?

पार्कात बसून जगभरच्या कंपन्यांची यंत्रणा सांभाळणारे अभियंते आहेत, हे खरं. पण महापालिकेची यंत्रणा कशी राखली जाईल हे निविदेच्या कलमांतून ठरतं. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने मे २०१६ मध्येच स्मार्ट शहरांसाठी सायबर सुरक्षेचा आराखडा राज्यांना पाठवला होता. त्यात उपकरणं, दळणवळण, माहितीसाठा आणि वापराचे प्रोग्राम अशा चार थरांचा विचार होता. ज्ञान कमी नव्हतं.

कमी पडते ती देखभाल. स्मार्ट सिटी मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं. बसवलेल्या हजारो उपकरणांचं आयुष्य काही त्या दिवशी संपलं नाही. इमारतीवरची पाण्याची टाकी बांधून होते तेव्हा उद्घाटन असतं, ती दर सहा महिन्यांनी धुवायची असते तेव्हा नारळ कुणी फोडत नाही. सॉफ्टवेअरमधल्या फटी बुजवण्याच्या कामाचं अगदी तसंच आहे. फीत कापता येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्याची ओळ बारीक होत जाते.

गैरसमज : पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं, म्हणजे साइट खरी

ते चिन्ह एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी वाचत नाही. समोर भामटा असला तरी कुलूप दिसतं. लोक फसतात म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं. म्हणून कुलपाऐवजी निरोप कुणाकडून आला ते बघा. ‘आज रात्री वीज तोडू’ असा निरोप साध्या मोबाइल क्रमांकावरून आला तर तो महावितरणचा नाही. त्यांच्या संदेशात पाठवणाऱ्याच्या नावात ‘एमएसईडीसीएल’ असतं. ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडायचीच नाही.

गैरसमज : आता कायदा आहे, काही झालं तर कळेलच

अर्धं खरं. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवावं लागतं आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पण हे कळवणं सरकारला, तुम्हा-आम्हाला नव्हे. ज्यांची माहिती फुटली त्यांना सांगण्याचं बंधन २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक बंधनांना त्यांत १८ महिन्यांची मुदत आहे.

तोवर माहितीचा अधिकार आहेच. फायरवॉल कोणती, असं विचारलं तर नकार येईल आणि तो रास्त असेल. पण शेवटचं सुरक्षा ऑडिट कोणत्या तारखेला झालं, बॅकअप परत उतरवून कधी पाहिला आणि स्काडा बंद ठेवून पाणी सोडण्याचा सराव कधी घेतला, या तीन तारखा सांगण्यात गुपित काय आहे?