पोस्त, बक्षीस आणि मजुरी

गेल्या मे महिन्यांत आम्ही सात माणसें तीन दिवस मालवणास जाऊन आलों. तारकर्लीच्या वाटेवर एका घरीं उतरलों होतों. घरची बाई व तिची जाऊ दोघी मिळून स्वयंपाक करीत. शाकाहारी ताटाचा जो दर तिनें सांगितला, त्यांत आम्हीं घासाघीस करून ताटामागें ४० रुपये कमी करून घेतले. निघतांना वहिनींनीं तिच्या हातावर २०० रुपये बक्षीस ठेविलें. तिनेंहि तें हंसून घेतलें. गाडींत बसल्यावर काकूंनीं हिशेब मांडिला. सात माणसें, सहा जेवणें. म्हणजे १,६८० रुपये आम्हीं अगोदरच कापून घेतले होते, आणि त्यांतलेच २०० परत देऊन उदार ठरलों होतों!

ह्याच किनाऱ्यावर रापणीची रीत आहे. होडींतून जाळें अर्धवर्तुळाकार सोडावयाचें आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून अनेकांनीं मिळून ओढावयाचे. मिळालेल्या मासळीचे मग वाटे पडतात. मासळी कमी आली तर वाटा लहान होतो खरा, पण तो हक्काचा. घेतांना कोणास मान खालीं घालावी लागत नाहीं. यांत्रिक नौकांची मासेमारी वाढली तशी रापण ओसरत गेली. १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि किनाऱ्यावरील कित्येक कुटुंबें पाहुण्यांच्या सरबराईकडे वळलीं. वाट्याची संवय असलेल्या हातांवर आतां बक्षीस पडतें.

वाचक म्हणतील, बाईनें दर स्वखुषीनें उतरविला. नोकराच्या बाबतींत हा युक्तिवाद १९४८ च्या किमान वेतन कायद्यानें मोडून काढिला होता. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार त्यानें रद्दबातल ठरविला. घरीं पाहुणे उतरवून घेणाऱ्या बाईस असें छत्र नाहीं. उपाहारगृहांनीं बिलांत परस्पर सेवाशुल्क लावूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ सालीं सांगितलें, तें योग्यच. मात्र वाढप्याचें वेतन हें मालकाचें देणें आहे, ग्राहकाच्या लहरीचें नव्हे.

काकू तेवढ्यावर थांबल्या नाहींत. आमच्या मोलकरणीस दिवाळींत पोस्त दिली, वर साडी दिली. पगार मात्र तीन वर्षें तोच. शिवाय मालवणास निघण्यापूर्वीं तिचे चार खाडे आम्हीं पैशापैशानें कापले होते. कसाल येईपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं.