काजूचे पोते विकल्यावर

मार्च लागला की आपल्याकडे भल्या सकाळी काजूच्या बागांतून बोंडू वेचणारी माणसे दिसतात. बी पिळून काढायची, दोन-चार उन्हे दाखवायची आणि पोते व्यापाऱ्याच्या काट्यावर चढवायचे. दुकानाची उधारी भागते, हंगाम संपतो.

पण खरा धंदा तेथून पुढे सुरू होतो. १९५७ साली हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिस व गोल्डबर्ग या अभ्यासकांनी 'ॲग्रीबिझनेस' ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली. शब्द परका, अर्थ सोपा. बियाणे, खत, अवजारे येथपासून माल खाणाऱ्याच्या ताटात पडेपर्यंतची सारी साखळी म्हणजे एकच उद्योग. शेत ही त्यातली मधली कडी.

आपल्या काजूचेच पाहा. शेताआधी रोपवाटिका येते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जातींची कलमे तेथे मिळतात. शेतानंतर कारखाना. बी वाफवणे, फोडणे, गर भट्टीत वाळवणे, साल काढणे, मग निवड. शंभर किलो बीमागे साधारण पंचवीस किलो गर निघतो. 'डब्ल्यू-३२०' म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अखंड गर. तोच गर तुटला की भाव उतरला. टरफलाचे तेल रंगात आणि मोटारीच्या ब्रेकच्या अस्तरात जाते. बोंडूपासून गोव्यात हुर्राक व फेणी होते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. (फेणीविषयी याहून अधिक लिहिणे माझ्या झग्याला शोभणार नाही!) गोव्याबाहेर मात्र बराचसा बोंडू झाडाखालीच कुजतो.

या साखळीत एक दुखरी जागा आहे. टरफलातले तेल कातडी जाळते. बी फोडणाऱ्या बायकांची काळवंडलेली, सोललेली बोटे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. घरी छोटी फोडणी सुरू करणाऱ्यांनी हातमोजे आधी घ्यावेत, यंत्र मागाहून. निदान एरंडेल तेल चोळल्याशिवाय बीला हात लावू नये. टरफले चुलीत घालू नयेत, त्यांचा धूर डोळ्यांना व छातीला बाधतो.

आणि भांडवल? बी तीन महिन्यांत येते, कारखाना वर्षभर चालवायचा असतो. म्हणजे वर्षाची बी हंगामातच रोखीने घेऊन कोरड्या जागी साठवावी लागते. व्यापाऱ्यापाशी ही रोकड असते, एकट्या शेतकऱ्यापाशी नसते. दहा-पंधरा घरांनी गट करून थोडी थोडी बी राखून ठेवली, तर बँकेकडे कर्ज मागायला निदान दाखवण्याजोगे तारण तरी हाती राहील.