जिल्ह्याचे शैक्षणिक नेतृत्व आणि मुलांची प्रगती

मूल वाचावयास शिकते ते शिक्षकाच्या सहवासात. जिल्ह्याच्या ठिकाणी बसणारा शिक्षणाधिकारी त्याच्या हाती पाटी देत नाही, की त्याचा चुकलेला हातचा दुरुस्त करीत नाही. मग जिल्ह्याचे नेतृत्व चांगले असले वा नसले, तरी वर्गातील मुलाच्या प्रगतीत काही अंतर पडते काय? पुष्कळ शिक्षकबंधुभगिनींना ह्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी वाटते. आणि वरून वारंवार मागविली जाणारी पत्रके पाहता तसे वाटल्यास नवल नाही.

अमेरिकेत ह्या प्रश्नाचा विचार आकड्यांच्या आधारे झालेला आहे. तेथे प्रत्येक शालेय जिल्ह्यावर एक अधीक्षक असतो. वॉटर्स आणि मार्झानो ह्या संशोधकांनी १९७० नंतरच्या २७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून ते २००६ साली प्रसिद्ध केले. अधीक्षकाचे नेतृत्व आणि विद्यार्थ्यांची संपादणूक यांतील सहसंबंध त्यांना ०.२४ इतका आढळला. आकडा लहान दिसतो, म्हणून त्याचा अर्थ पाहू. गुणवत्तेच्या शंभर पायऱ्या कल्पिल्या व पन्नासाव्या पायरीवरचा अधीक्षक ८४ व्या पायरीवर गेला, तर जिल्ह्यातील मुलांची सरासरी पन्नासाव्या पायरीवरून सुमारे साठाव्या पायरीपर्यंत चढेल, अशी अपेक्षा करता येते. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे खरे. तथापि एका जिल्ह्यात हजारो मुले असतात हे ध्यानी घेतले, म्हणजे एवढी चढण क्षुल्लक म्हणता येत नाही. अधीक्षक एका जागी अधिक काळ टिकल्याचा लाभही त्यांना दिसला. वारंवार होणाऱ्या बदल्यांचा विचार करणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे.

परंतु माझ्या मते त्यातील सर्वांत उपयुक्त भाग निराळाच आहे. शाळांना स्वातंत्र्य दिल्याने प्रगती होते, असे एका अभ्यासात दिसले. तर शाळांवर कारभार सोपविल्याने संपादणूक किंचित घटते, असे दुसऱ्यात. ह्या विसंगतीचा उलगडा संशोधकांनी असा केला : काय साधावयाचे हे जिल्ह्याने सर्वांच्या विचाराने ठरवावे आणि त्यात ढिलाई येऊ देऊ नये, कसे साधावयाचे हे मात्र त्या मर्यादेत शाळेने ठरवावे. आपल्याकडे पुष्कळदा नेमके उलट घडते. वेळापत्रक, नोंदवह्या, रकाने यांबद्दल कठोरपणा असतो. चौथीच्या मुलास वाचता येते की नाही, ह्याबद्दल मात्र मौन!

महाराष्ट्रात ह्याचे उदाहरण शोधावयाचे तर सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटकडे पाहावे. तेथील सुमारे ४० शाळांत एका शिक्षण विस्तार अधिकारी भगिनींच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी पद्धतीचे काम उभे राहिले. फरशीवर अक्षरांचे व अंकांचे तक्ते आखले गेले, मुलांच्या हाती पोहोचतील असे फळे भिंतीवर खाली आले, काड्या व मणी घेऊन मुले गणित करू लागली, आणि शिक्षक मुलांबरोबर जमिनीवर बसले. ह्या कामाचे कौतुक फरशीवरील रंगाने होऊ नये. प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे, हा आग्रह तेथे सर्व शाळांस समान होता. राज्यातील अनेक ठिकाणचे शिक्षक ते पाहावयास गेले, आणि २२ जून २०१५ च्या निर्णयान्वये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू केला. पुढे कित्येक गावी फरशी रंगली, पण आग्रह मागेच राहिला. अशा ठिकाणी मुलांना काय लाभले असेल, हे सांगावयास नको.

जे मूल अक्षरओळखीवाचून पाचवीत जाते, त्याला पुढील प्रत्येक पुस्तक बंदच असते, आणि पुढे पुष्कळदा शाळाही सुटते. म्हणून वरिष्ठ भेटीस आले असता शिक्षकांनी सजविलेला वर्ग दाखविण्यापेक्षा मागे बसणाऱ्या मुलाला त्यांच्यासमोर वाचावयास सांगावे. ते अडखळेल, अडखळू द्यावे. मग ह्या मुलासाठी आपण काय करून पाहिले ते सांगावे व आपणाकडून काय साहाय्य मिळेल, असे विचारावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेसही अशा मुलांची यादी घेऊन जावे. शेजारच्या शाळेतील शिक्षकास तीच अडचण येऊन गेलेली असते, आणि त्याने काढलेला मार्ग केंद्रप्रमुखांच्या मध्यस्थीने पुढच्या सोमवारी आपल्या वर्गात येऊ शकतो. ह्या यादीसाठी निराळे पत्रक लागत नाही; साधी वही पुरते.