डेंटिनवरील रेझिन-लेपाचे बंधबल

रेझिनचा लेप दातापासून सुटण्यास दर चौरस मिलिमीटरला लागणारे बल म्हणजे त्याचे बंधबल होय. बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लप्रक्रियेने एनॅमलवर रेझिन पक्के बसविले. डेंटिन मात्र ओलसर व सूक्ष्म नलिकांनी भरलेले. तेथे रेझिन कोलॅजेनच्या जाळ्यात मुरून संकरित थर बनावा लागतो, हे नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये दाखविले. आम्लप्रक्रियेनंतर पृष्ठभाग अति वाळविल्यास हे जाळेच कोसळते!

कॅपसाठी कोरलेले डेंटिन उघडे राहिल्यास लाळ व तात्पुरत्या सिमेंटने दूषित होऊन बंधबल घटते. म्हणून माप घेण्यापूर्वीच, ताज्या डेंटिनवर लेप देणे श्रेयस्कर. सुरगाणा, पेठ येथून नाशिकला येणाऱ्या रुग्णाची दुसरी खेप लांबण्याचा संभव असतो. त्याच्या बाबतीत तर हा लेप टाळू नये.