आधी भुई, मग फरशी



"घराचं काम झालं, थोड्या टाइल्स उरल्यात. वाडीवर पाठवू का?" असा फोन मंडळीतून वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. देण्यामागची भावना खरी असते, त्यामुळे "नको" म्हणताना मला संकोच होतो. या वेळी त्या "नको"चे कारण सविस्तर लिहितो. कुंभिवली परिसरातील एका कातकरी वाडीवर या मे महिन्यात एका घराची भुई आम्ही घरच्यांच्या हातांनीच बदलली, ती कशी, हेही सांगतो. आपल्यापैकी कोणी स्वतःच्या गावच्या घरात असे काम करणार असेल तर त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

सारवलेली भुई म्हणजे घाण, हा समज आधी काढून टाकू या. ती उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार असते आणि तिला पैसा लागत नाही. अडचण पावसाळ्याची आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भुई ओल धरते आणि त्याच भुईवर बाळ रांगते, झोपते. ओल्या मातीत जंतांची अंडी टिकतात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरते. मेक्सिकोतील कोआविला राज्यात २००० साली मातीच्या जमिनीवर सिमेंट घालून देण्याची सरकारी योजना सुरू झाली. तिच्यावरील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातील सगळी मातीची जमीन सिमेंटची झाली, तर लहान मुलांमधील जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी आणि जुलाबाचे ४९ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या एका घराला हे आकडे लावता येणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे.

मग सिमेंटचा कोबाच का नाही? तीन वर्षांपूर्वी मी तेच केले. जुन्या सारवणावरच दीड इंच कोबा ओतला. मे महिन्यात वाडीवर प्यायला पाणी नाही, तिथे कोब्यावर सात दिवस पाणी कुठून मारणार? पहिल्याच पावसाळ्यात तो तडकला आणि फटींतून ओल वर आली. चूक माझी होती. घरच्यांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही, याचे मला जास्त वाईट वाटले.

दुसरे कारण जागेचे. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. उद्या उठावे लागले तर कोबा तिथेच राहतो. प्रधानमंत्री जनमन योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती तिच्यात येतात आणि घरकुलासाठी २ लाख रुपये मिळतात. पण घरकुल झाले तरी जुने घर मोडणारच. म्हणून घरच्यांशी बसून ठरवले की उचलून नेता येईल अशी जमीन करायची. रफ शहाबादी फरशी, सिमेंटमध्ये न बसवता वाळूवर. तिला पाणी मारावे लागत नाही आणि त्याच दिवशी तिच्यावर चालता येते. वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबाला पावसाआधी मोजकेच दिवस मिळतात, त्यात हे बसते. चकचकीत टाइल्सना मात्र खाली घट्ट सिमेंट लागते, आणि ओल्या पायाने म्हातारे माणूस त्यांवरून घसरते. उरलेल्या टाइल्सना "नको" म्हणण्याचे कारण हेच.

खोली १० फूट बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. दोन बाय दोन फुटांच्या ३० फरश्या लागतात. तुटफूट धरून ३३ आणल्या. सव्वा इंच जाडीची एक फरशी सुमारे ३० किलोची. टेम्पो रस्त्यापर्यंतच येतो, पुढे सगळे डोक्यावर. मुरूम पाऊण ब्रास, वाळू पाव ब्रासपेक्षा थोडी कमी.

काम घराबाहेर सुरू झाले. पागोळ्यांचे पाणी निघून जावे म्हणून घराभोवती चर खणली. आतली भुई अंगणापेक्षा उंच नसेल तर वर कोणतीही फरशी घाला, पाणी आत येणारच. मग जुने सारवण खरवडून काढले. शेणाच्या थरांत ओल आणि वाळवी दोन्ही राहतात. मात्र मेढींच्या बुडाशी हातभर जागा सोडली. तिथे खणले तर छप्पर खचते.

मुरूम तीन-तीन इंचांच्या दोन थरांत पसरला, प्रत्येक थरावर थोडे पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकला. सगळ्यात जास्त मेहनत इथे लागते, आणि पाहणाऱ्याला ती पुढे कधीच दिसत नाही. टाच जोराने दाबूनही खळगा पडेनासा होईपर्यंत ठोकत राहायचे. दोन दिवस गेले. त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ हात फिरवून जाड प्लास्टिक अंथरले. जोडावर फूटभर एकावर एक घेतले, कडा कुडाला तीन इंच वर चढवल्या. खालची ओल अडते ती या प्लास्टिकने. त्यावर दोन इंच वाळू पसरली.

उतार दाराकडे, १० फुटांत एक इंच. तो पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढला. कोपरा काटकोनात आहे का हे पाहायला गुण्या नव्हता. दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजले आणि तिरके अंतर ५ फूट भरेपर्यंत दोरी सरकवली. आठवीतल्या नातवाने हे गणित ओळखले आणि पुढची सगळी मापे त्यानेच घेतली. फरशी ठेवायची, लाकडी ठोकळ्याने ठोकायची, आवाज पोकळ आला तर उचलून खाली वाळू भरायची. शेवटी एक घमेले सिमेंटला आठ घमेली वाळू असे हलके मिश्रण सांध्यांत भरले. विंचू-किडा शिरू नये इतके ते घट्ट असते, आणि छिन्नीने निघावे इतके कच्चे.

चुलीच्या कोपऱ्यात घरच्या आजींनी आम्हाला अडवले. "दादा, हितं दगड नको. जाळानं तडकल. माझी चूल मातीवरच ऱ्हाऊ द्या." त्यांचे बरोबर होते. शहाबादी दगड थेट आचेने फुटतो. तो कोपरा सारवलेलाच ठेवला.

जुलैत मोठा पाऊस झाल्यावर मी वाडीवर गेलो. आजींनी गोधडीचे टोक उचलून दाखवले. खाली कोरडे होते. दाराजवळची एक फरशी मात्र अर्धा इंच खचली होती. मुलाने ती उचलली, वाळू घातली, परत ठेवली. मला बोलावण्याची त्याला गरज पडली नव्हती.

खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या घरांचा प्रभु येशूचा दाखला धर्मशिक्षणाच्या वर्गात मी कितीदा शिकवला आहे. धुम्मस हाती धरल्यावर त्यातली मेहनत कळली. हे काम करताना आम्ही कोणाला त्यांचा देव विचारत नाही, तसे विचारणे प्रभूला आवडेल असे मला वाटत नाही.

आपण मदत अशी करू शकता: टाइल्सऐवजी एका खोलीच्या फरशीचा किंवा मुरमाचा खर्च उचला. तरुण संघाने पुढच्या मे महिन्यात दोन दिवस मुरूम ठोकायला यावे. जेवण वाडीवर, भाकरी आणि कालवण.

प्रार्थनेचे विषय: या कुटुंबाचे घरकुल जागेच्या कागदांसाठी अडले आहे, ते मार्गी लागावे. वाडीवरच्या आणखी चार घरांची भुई पुढच्या पावसाआधी व्हावी. आणि दिवाळीनंतर भट्टीवर निघणारी सगळी मुले सुखरूप परत यावीत.

प्रभूच्या सेवेत आपला बंधू.